चांगुणाबाईंची लाई

खांदा कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीची चावी माझ्याकडे असते. आम्ही सगळ्यात वर राहतो म्हणून, बाकी माझं काही कर्तृत्व नाही. पण त्या चावीपायी माझ्या दारात किती माणसं येतात म्हणून सांगू! डिशवाला येतो, टाकी धुणारे येतात, पापड वाळत घालणाऱ्या येतात, फोनवर भांडायला एकांत शोधणारी पोरं येतात. सगळे बेल वाजवतात. चांगुणाबाईंनी मात्र एकदाही बेल वाजवली नाही. त्या दाराबाहेर उभ्या राहून हाक मारायच्या, आणि हाक अशी की खाडीच्या पलीकडच्या माणसाला बोलावतायत.

"वयनीऽ, चावी द्या! मना वर जावाचा हाय!"

मी एकदा म्हटलं, "अहो, बेल आहे ना."

"ती तुमची हाय. माजा गला माजा हाय."

मी चावी दिली. नंतर नंतर तर मी चावी दाराबाहेरच्या खिळ्याला लावून ठेवायला लागले, तरी त्या हाक मारायच्याच. चावी नकोच असायची त्यांना, सोबत हवी असायची.

त्या मूळच्या गव्हाणच्या बाजूच्या. भातशेती होती, आणि नवऱ्याच्या वाटणीला थोडं मिठागर. दोन्ही प्रकल्पात गेलं. बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्यांची बिल्डिंग उभी राहत होती, ती होईपर्यंत आमच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला आल्या. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, अंबाड्यात अबोलीचं नाहीतर नुसत्या तगरीचं फूल, पायात काही नाही. लिफ्टला त्या पेटारा म्हणत आणि तिच्यात पाऊल टाकत नसत. गुडघे दुखत होते, तरी जिना चढत. वर आल्या की पहिल्यांदा कठड्याशी जाऊन वारा बघायच्या आणि म्हणायच्या, "भरती लागली असंल आता." आमच्या गच्चीवरून खाडी दिसत नाही. समोरच्या बिल्डिंगा दिसतात, त्यांच्यावरच्या टाक्या दिसतात. तरी ह्यांची भरती-ओहोटी चालूच.

आणखी एक गंमत सांगते. कुठलीही माती हातात आली की त्या तिची चिमूट जिभेवर ठेवायच्या. मी नर्सरीतून पिशवीबंद माती आणली होती तुळशीसाठी, तर बाईंनी ती चाखून बघितली! मी शहारले. त्या मात्र डोळे बारीक करून म्हणाल्या, "गोडी हाय. खार नाय हिच्यात. चालंल." खाऱ्या पाण्याच्या काठावर जन्म गेला, बांध फुटला की समुद्र शेतात येणार, तेव्हा मातीला खार चढला का नाही हे जिभेनंच कळायचं. ती सवय पिशवीच्या मातीपाशीही सुटली नाही.

मुलगा दिनेश कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. सून जोनाली, ती आसामची. पनवेलच्या एका दवाखान्यात नर्स. आता आसामची मुलगी गव्हाणच्या घरात आली कशी, हे चांगुणाबाईंच्याच तोंडून ऐकावं. पळस्प्याच्या नाक्यावर दिनेशची मोटरसायकल घसरली, पाय मोडला, आणि ज्या वॉर्डात तो पडून होता तिथे ही मुलगी ड्युटीला.

"पोऱ्याचा पाय मोरला, नि सून आयली," चांगुणाबाई म्हणायच्या. "पाय बरा झायला. सून रायली."

"गावात काही बोलले नाहीत?" मी विचारलं होतं.

"बोलले तं. मी तिला येकच इचारला, सुकट खातेस का? खाते म्हनाली. मंग आनखी काय बगाचा?"

आणि खरंच, सासवा-सुनांचं जमलं ते आधी सुकटीवर. आसामकडेही म्हणे मासळी वाळवून ठेवतात. दोघी मिळून सुकट भाजायला लागल्या की आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत वास, आणि खालचे लोक खिडक्या लावून घेत. जोनाली मराठी शिकली तीही सासूकडूनच, त्यामुळे तिची मराठी अशी की डोळे मिटून ऐकलं तर वाटावं गव्हाणचीच कुणी म्हातारी बोलतेय. डोळे उघडावेत तर समोर पांढऱ्या युनिफॉर्ममधली नाजूक पोर.

आता लाईचं सांगते. त्यासाठीच तर बसले लिहायला.

लाई म्हणजे मोहरीच्या जातीचीच पालेभाजी. पानं हाताच्या पंजाहून मोठी, कडेनं जराशी झालर. थंडीतली भाजी ती, उन्हाळा लागला की संपली. जोनालीच्या माहेरी घरामागच्या परसात तिची आई दरवर्षी लावायची, आणि दरवर्षी स्वतःच्या हातानं बी धरायची. बाजारचं बी तिनं कधी आणलं नाही. तिच्याही सासूकडून आलेलं बी ते. पण नदीनं काठ खात खात एका पावसाळ्यात ते परस घेतलं, मागोमाग घरही गेलं. भाऊ शहरात भाड्याच्या खोलीत गेला. पुढच्या वर्षी आई वारली. जोनाली जाऊन आली ती येताना लाल काठाच्या पंच्याच्या टोकाला बांधलेली एक गाठ घेऊन. गाठीत लाईचं बी. तेवढंच उरलं होतं. दुसरीकडे कुठेच नाही, शेजारीपाजारी नाही, भावाकडे नाही.

ती गाठ तिनं कपाटात साड्यांखाली ठेवली आणि रडायची तेव्हा काढून हातात धरायची. चांगुणाबाईंना ते बघवेना. एक दिवस वर आल्या आणि मला म्हणाल्या, "वयनी, बी कपाटात मरतंय. तांदूल नाय तो, ठेवला नि ठेवला. बी दरसाल मातीत गेला पायजे, नायतं त्याचा जीव जातो. मंग गाठ उरंल नुसती."

"मग लावा ना," मी म्हटलं. जणू पुदिन्याची काडी खोचायची होती!

आणि त्यांनी लावलं. तिथेच घोटाळा झाला.

बघा, खाऱ्या जमिनीत भात करणाऱ्यांची एक रीत आहे. तिथे रोपं काढून लावणी करत नाहीत. भाताचं बी भिजत घालायचं, ओल्या गोणपाटात दाबून ठेवायचं, वर दगड. मोड आले की चिखलात पाणी साठवून त्यात फेकायचं. त्याला रहू म्हणतात. चांगुणाबाईंच्या आईनं तेच केलं, आजीनं तेच केलं. यांचा हात तोच. गणपती विसर्जन झालं तसं जोनालीनं त्यांच्या ओंजळीत अर्धी गाठ सोडली, आणि यांनी ते मोहरीएवढं बी रात्रभर भिजवलं, ओल्या फडक्यात बांधून वर पाटा ठेवला, प्लास्टिकच्या टबात माती कालवून मस्त चिखल केला, वर बोटभर पाणी उभं केलं, आणि दिलं फेकून. वर भाद्रपदाचं ऊन असं की गच्चीवर पाय ठेवू नये.

टबातून वास यायला लागला तेव्हा मला शंका आली. दिनेश वर आला, त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "आय, हा भात नाय."

चांगुणाबाईंनी चिखलात हात घातला. बी बोटांना चिकटून आलं, पिचपिचीत, कुजलेलं. त्यांनी वास घेतला. मग हात न धुताच जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या, माझ्या दाराकडे पाठ करून. मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, "अर्दी आयस बुरवली मी तिची."

जोनाली ड्युटीवरून आली, तिला कळलं. ती काहीच बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं टब उचलला, चिखल खाली नेऊन आवारातल्या झाडाच्या बुंध्याशी ओतला, टब धुतला आणि उपडा ठेवला. पुढे कितीतरी दिवस त्या घरात सुकट भाजली गेली नाही. वासावरून कळायचं ना आम्हाला! खिडकी उघडी ठेवणारे खालचे लोक खूश, आणि मी मात्र अस्वस्थ. एवढं जमलेलं माणसांचं, आणि आता दोघी एकमेकींशी "जेवलीस?" "हां" एवढंच बोलतायत.

मी तेव्हा पाकचोय, म्हणजे ती चिनी पालेभाजी, लावायच्या नादात होते. आमच्या मुलीनं बियांचं पाकीट आणून दिलं होतं आणि कसं लावायचं त्याचा एका बाईचा व्हिडिओ मोबाईलवर लावून दिला होता. त्या बाईचं इंग्रजी मला निम्मं कळायचं, पण हातांकडे बघितलं की पुरतं. बी चिमटीनं सोडायचं, वर मातीचा नुसता बुरखा, आणि पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. मी चांगुणाबाईंना बोलावलं. त्यांनी मांडी घालून ते सगळं बघितलं, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा बघितलं.

"एवराच पानी?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

"चिमनीला तरी पुरंल का?"

"आता चिमणीला नाही, बियाला द्यायचंय."

त्या हसल्या. किती दिवसांनी! मग म्हणाल्या, "उरलेलं ती देयाची नाय मना. नि मी मांगाची नाय."

पण दिलं हो तिनं. दसऱ्याच्या दिवशी जोनालीनं ती उरलेली गाठ आपट्याच्या पानांबरोबर सासूच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "आय, ठेवला तरी मरनार, लावला तरी मरनार. लावू मंग." चांगुणाबाईंनी ती गाठ कमरेला खोचली. आणि नंतर त्यांनी जे केलं त्यानं माझा जीव खाल्ला. त्यांनी काहीच केलं नाही. दिवाळी आली, दिवाळी गेली, गाठ कमरेलाच.

माझी पाकचोय उगवून चार पानांवर आली होती. मी म्हणायची, "अहो, मोबाईलवर तर कधीच लावा म्हणतात."

"मोबाईल कुठं ऱ्हातो?"

"म्हणजे?"

"त्याच्या गावात थंडी कवा परते, नि आपल्या कवा? मी बाटली ठेवलीय."

त्यांनी खोबरेल तेलाची छोटी बाटली कठड्याच्या कोपऱ्यात ठेवली होती. रोज पहाटे वर यायच्या आणि ती बाटली उजेडासमोर धरायच्या. तेल पातळ असलं की खाली ठेवून निघून जायच्या. माझी पाकचोय तोवर मधूनच उंच होऊन पिवळ्या फुलांवर आली, पानं धरायच्या आधीच. ऊन फार लागलं तिला. आणि एका सकाळी बाटलीच्या गळ्याशी तेल पांढरं धरलेलं दिसलं. "आयली गो बाय!" ही हाक मी आंघोळ करताना ऐकली.

आता लावतील, असं मला वाटलं. पण छे! राब राहिला होता ना.

राब तुम्हाला ठाऊक असेल, कोकणात भाताचं रोप टाकायच्या आधी त्या तुकड्यावर पाला, गवत, शेण पसरून भाजतात. माती भुसभुशीत होते, तण मरतं, किडा मरतो. ओल्या चिखलानं फसवलं म्हणून बाईंनी हा दुसरा उपाय काढला. त्यांच्या मावशीचं गाव डोंगराच्या बाजूचं, तिकडची रीत. मी मंडईत गेले होते. त्यांनी गच्चीवर माती भरलेले डबे मांडले, वर वाळका पाला, खाली कुठूनशा आणलेल्या गोवऱ्या, आणि लावली काडी. डब्यांत दोन प्लास्टिकचे होते, हे त्यांच्या लक्षात नाही आलं.

मी परत आले तर खाली गर्दी. वर धूर असा, की वाटावं टाकी पेटली. वॉचमन बादली घेऊन जिना चढतोय, सेक्रेटरी त्याच्या पुढे, आणि मागे सगळ्या मजल्यांची माणसं.

"अहो आजी, गच्चीवर होळी पेटवली काय?" सेक्रेटरी ओरडले.

"शिमग्याला टाईम हाय," चांगुणाबाई शांतपणे म्हणाल्या. "मी राब भाजते."

"काय भाजता?"

"राब! माती भाजते. तुमच्या बापसाला ठावं असंल, इचारा."

"माझे वडील सोलापूरचे होते!"

"मंग त्यांला नाय ठावं. पानी नको मारू रं तू, राख जाईल वाया!" हे वॉचमनला.

एवढ्यात वितळलेल्या डब्याचा काळा ओघळ फरशीवर पसरला. मग काय, सगळे एकदम बोलायला लागले. वॉटरप्रूफिंग गेलं, गच्चीला कायमचं कुलूप लावा, भाडेकरूंना हे शोभत नाही. चांगुणाबाई एकट्या मध्ये उभ्या. भाडेकरू हा शब्द लागला असावा. ज्यांच्या नावावर शेत होतं, मिठागर होतं, त्यांना.

तेवढ्यात गर्दीतून जोनाली पुढे आली. युनिफॉर्मवरच, खांद्याला पर्स. आणि ती आसामची पोर कमरेवर हात ठेवून सेक्रेटरींना म्हणाली, "काय झायला एवरा? जलला तं जलला! फरशी आमी घासताव. आयला काय बोलाचा नाय!"

कुणीतरी फस्सकन हसलं, मग सेक्रेटरीही हसले, आणि भांडण विस्कटलं. दोघी सासवा-सुना संध्याकाळपर्यंत पत्र्याच्या तुकड्यानं ती फरशी खरवडत होत्या. मीही जाऊन बसले. मध्येच चांगुणाबाई म्हणाल्या, "पोरी, मना बोलली नाय तू तवा. टब ओतला तवा."

जोनाली खरवडता खरवडता म्हणाली, "बोलून बी परत येते का?"

"नाय येत."

"मंग?"

बस, एवढंच. पण त्या रात्री सुकटीचा वास आला. मी खिडकी उघडी ठेवली.

बी लावलं जोनालीनं, स्वतःच्या हातानं, चिमटीनं. भाजलेल्या मातीत, राखेसकट. मुंग्या बी उचलून नेतात म्हणून चांगुणाबाईंनी डब्यांभोवती राखेची रेघ ओढली. आणि उगवलं हो! सगळं नाही. मूठभर बियातून थोडीच रोपं आली, पण जी आली ती तरतरीत. थंडी त्या वर्षी बऱ्यापैकी होती. पानं अशी वाढली, रुंद, गार, दव धरलेली, की माझाच हात शिवशिवायचा.

जोनालीचं तर विचारूच नका. ती ड्युटीला जाताना वर यायची, येताना वर यायची, पानाखाली बोट फिरवायची. एक दिवस म्हणाली, "आय, येकच पान. भाताबरोबर. येकच."

"नाय."

"अगो, येवरी पानं हायत!"

"बियान्याला तोंड नाय लावाचा," चांगुणाबाई म्हणाल्या. आमच्याकडेही आहे ती रीत. वेलावरची चांगली काकडी बियाण्याला ठेवतात, तिला चिंधी बांधतात, आणि मग घरात उपास पडला तरी तिला कुणी हात लावत नाही. यांनी प्रत्येक रोपाला चिंधी बांधली होती.

"माजे आयची भाजी हाय ती!" जोनालीचे डोळे भरून आले.

"म्हनून तं."

मला त्या वेळी म्हातारीचा राग आला. एक पान दिलं असतं तर काय रोप मरणार होतं? मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "येक पान तिला दिला, तं दिनेश येक मांगंल. मंग तुमी. मंग मना ऱ्हावाचा नाय. मी कनची देव हाय?"

संक्रांतीनंतर ऊन चढायला लागलं आणि रोपांतून दांडे उठले, पिवळी फुलं लागली. आता बी धरणार म्हणून सगळ्यांचा जीव टांगलेला. मावा पडला, काळा, बारीक, दांड्याला लगडून. औषध मारायला त्या तयार नव्हत्या, मधमाशा येतायत म्हणाल्या. राख चाळून पहाटेच्या दवावर भुरभुरायच्या, आणि जिथे उरेल तिथे बोटांनी पुसून काढायच्या, लहान पोराचं नाक पुसावं तसं. शेंगा धरल्या तर पोपट आले. तर ह्यांनी काय करावं? दिनेशच्या मोडलेल्या पायाचे जुने एक्सरे कपाटातून काढले आणि दोरीला बांधले. वाऱ्यावर फडफडायचे, उन्हात चमकायचे. आमच्या गच्चीवर दोन महिने दिनेशची नडगी लटकत होती. पोपट काही फिरकले नाहीत.

ढग आले एकदा, होळीच्या आसपास. शेंगा अर्ध्या वाळलेल्या. ओल्या झाल्या असत्या तर तिथेच बुरशी धरून सगळं गेलं असतं. भर दुपारी आभाळ काळं, आणि जोनाली ड्युटीवर, दिनेश यार्डात. चांगुणाबाईंची हाक आली, ती नेहमीची नव्हती. मी पळत वर गेले. आम्ही दोन म्हाताऱ्यांनी ते डबे एकेक करून ओढत जिन्याच्या छताखाली आणले, हळूहळू, कारण वाळली शेंग हिसका बसला की फुटते. बाईंचे गुडघे, माझी कंबर. शेवटचा डबा आत आला आणि चार टपोरे थेंब पडले, आणि ढग निघून गेले. चारच थेंब! मी चिडून म्हटलं, "एवढ्यासाठी मेलो आपण!"

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, धापा टाकत. "नाय आनला असता तं पारलाच असता त्यानं," म्हणाल्या. "वलखते मी त्याला."

शेंगा मळल्या त्यांनी सुपात, लुगड्याच्या पदरावर. बी निघालं, काळपट तांबूस, घरंगळणारं. गाठीत आलं होतं त्याच्या कितीतरी पट. आम्ही सगळे खूश, पण बाई हसेनात. बी दिसतं ते जिवंत असतंच असं नाही, म्हणाल्या. चिमूटभर त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळलं. ह्या वेळी पाटा नाही, दगड नाही. फडकं जोनालीच्या हातात दिलं. "तू ठेव. माजा हात नको."

मग एका सकाळी माझी बेल वाजली. दार उघडलं तर दोघी. बेल जोनालीनं वाजवली होती. तिनं तळहातावर फडकं उलगडलं. आत प्रत्येक बियाला पांढरा, दोऱ्यासारखा कोंब. चांगुणाबाई मात्र फडक्याकडे बघत नव्हत्या, सुनेच्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्या आत आल्या आणि माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात फतकल मारून बसल्या. इतकी सैल बसलेली बाई मी पहिल्यांदाच बघत होते. जणू कुणी वर्षभर डोक्यावर धरलेला भारा उतरवून घेतला.

"रुजला," त्या म्हणाल्या. "आता मी मोकली."

त्या पावसाळ्याआधी त्यांची बिल्डिंग झाली आणि ती मंडळी तिकडे गेली. आता चांगुणाबाई नाहीत. मागल्या श्रावणात गेल्या, दुपारी जरा पडते म्हणाल्या आणि उठल्याच नाहीत. पण मला त्या आठवतात त्या त्यांच्याकडच्या थंडीतल्या एका दुपारच्या. माझी ती शेवटची भेट.

जोनालीनं बोलावलं होतं जेवायला. बिल्डिंगच्या मागे कुंपणाला लागून एक चिंचोळा तुकडा सुटला होता, आणि त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत लाई. डब्यात वाढलेली आणि जमिनीत वाढलेली ह्यात केवढा फरक! पानं सुपाएवढी. बियाण्याची रोपं एका कडेला चिंध्या बांधून वेगळी, आणि बाकी सगळी खायला. पहिली खुडणी त्या दिवशी होती. जोनालीनं आईच्या पद्धतीनं केली, नुसतं तेल, लसूण, मिरची. पानात वाढली, आणि सगळे थांबले. पहिला घास आयनं घ्यायचा, जोनाली म्हणाली.

चांगुणाबाईंनी भाताबरोबर घास केला, तोंडात घातला, आणि चावायच्या थांबल्या. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. आम्हा सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर. घास कसाबसा गिळला त्यांनी, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या,

"कडू हाय गो!"

जोनाली जी हसत सुटली! तिला ठसका लागला, दिनेशनं पाठ थोपटली, तरी हसणं थांबेना. "आय, मोहरी हाय ती! तिखट असते!"

"तिखट मना कलतं. ही कडू हाय. येवऱ्यासाठी पोऱ्याचा पाय टांगला मी?" आणि स्वतःच्या पानातली सगळी भाजी ओढून त्यांनी सुनेच्या पानात लोटली. "खा. तुजे आयशीची हाय, तुलाच गोड लागंल. मना सुकट आन."

जोनालीनं ती सगळी खाल्ली. हळूहळू, मान खाली घालून, आणि शेवटी पानाला लागलेलं तेलही बोटानं पुसून.

मी निघाले तेव्हा चांगुणाबाई मागे लाईतच बसल्या होत्या, उकिडव्या, पाठमोऱ्या, तण काढत. मी कुंपणाबाहेरून ओरडले, "येते हो चांगुणाबाई!" त्यांनी वळून बघितलं नाही. मातीनं भरलेला हात तेवढा वर केला, आणि पुन्हा खाली त्या न आवडणाऱ्या भाजीत घातला.